दवाखान्यात बाळंतपणं वाढली, मग पहिल्या तासाचं दूध का घटलं?

चांदूर बाजार : लेकरू जन्मल्यावर तासाभरात त्याला आईच्या अंगावर लावावं आणि पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाण्याचा थेंबही देऊ नये, हे आता सगळ्यांच्या कानावरून गेलं आहे. आशाताई सांगतात, अंगणवाडीताई सांगतात. १ ते ७ ऑगस्टला स्तनपान सप्ताह असतो, तेव्हा पोस्टर लागतात आणि कार्यक्रमही होतात. तरी सरकारी पाहणीचे आकडे एकमेकांशेजारी ठेवले की एक कोडं समोर येतं. महाराष्ट्रात दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, पण पहिल्या तासात आईचं दूध मिळणाऱ्या लेकरांचं प्रमाण कमी झालं. असं का झालं आणि त्यात आपल्या भागातल्या घरांनी काय पाहावं, ते समजून घेऊ.

आकडे काय सांगतात

देशात घरोघरी जाऊन 'राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी' केली जाते. तिची चौथी फेरी २०१५-१६ मध्ये झाली आणि पाचवी २०१९-२१ मध्ये. महाराष्ट्रापुरते आकडे असे आहेत :

• दवाखान्यात होणारी बाळंतपणं : ९०.३ टक्क्यांवरून ९४.७ टक्के.
• पहिल्या तासात दूध मिळालेली बाळं : ५७.५ टक्क्यांवरून ५३.२ टक्के.
• सहा महिन्यांच्या आतली, फक्त आईच्या दुधावर असलेली बाळं : ५६.६ टक्क्यांवरून ७१ टक्के.
• सिझेरियन : २०.१ टक्क्यांवरून २५.४ टक्के.

म्हणजे नुसत्या अंगावरच्या दुधावर राहणारी बाळं वाढली, ही चांगली गोष्ट झाली. पण पहिल्या तासाचं गणित उलटं गेलं. देशाचं चित्रही फार वेगळं नाही. दवाखान्यातली बाळंतपणं ७८.९ वरून ८८.६ टक्क्यांवर गेली, मात्र पहिल्या तासाच्या दुधाचा आकडा ४१.६ वरून ४१.८ झाला. जवळपास जागच्या जागी.

राज्याराज्यांत तर मोठी तफावत आहे. उत्तर प्रदेशात पहिल्या तासात दूध मिळणारी बाळं शंभरात २४ च्या आसपास आहेत. केरळ आणि ओडिशात ती ६५ च्या वर आहेत. केरळ शिकलेलं आणि सुखवस्तू राज्य, ओडिशा गरीब. तरी या बाबतीत दोघं जवळजवळ बसतात. म्हणजे नुसती गरिबी किंवा नुसतं शिक्षण यावर हे ठरत नाही.

७१ टक्क्यांचा अर्थ जपून घ्या

'शंभरातली ७१ बाळं पूर्ण सहा महिने फक्त आईच्या दुधावर राहिली' असा या आकड्याचा अर्थ होत नाही. पाहणी करणारे आईला विचारतात, काल दिवसभरात आणि रात्री बाळाला काय काय दिलं? त्यात पंधरा दिवसांचं बाळही येतं आणि साडेपाच महिन्यांचंही. लहान बाळांत नुसत्या दुधावर असणारी जास्त असतात. चौथ्या-पाचव्या महिन्यात पाणी, गाईचं दूध, बिस्कीट सुरू झालेलं असतं. म्हणून पूर्ण सहा महिने टिकणाऱ्या बाळांचं खरं प्रमाण ७१ पेक्षा कमी असतं.

जिल्ह्याचा आकडा तर आणखी जपून वाचावा लागतो. एका जिल्ह्याच्या पाहणीत सहा महिन्यांच्या आतली बाळं मोजकीच सापडतात. चार-पाच बाळांनी इकडचं तिकडं झालं तरी टक्केवारी बदलते. त्यामुळं 'आपला जिल्हा वर गेला', 'खाली आला' असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर आला तर लगेच खरं धरू नये.

पहिला तास जातो कुठं?

पहिले दोन-तीन दिवस आईला जे घट्ट, पिवळसर दूध येतं ते थोडंच असतं. गाय-म्हैस व्याल्यावर निघणारा चीक वासराला पाजलाच पाहिजे, हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. चीक न मिळालेलं वासरू रोगाला लवकर बळी पडतं. माणसाच्या लेकरालाही हीच गोष्ट लागू आहे. या पहिल्या दुधात रोगाशी लढणारे घटक आणि अ जीवनसत्त्व भरपूर असतं. थोडं येतं म्हणून घाबरण्याचं कारण नाही, कारण पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळेला चमचाभरच दूध मावतं. पूर्वी बऱ्याच घरी हे दूध 'खराब' म्हणून पिळून टाकत. आजही एखाद्या घरी तसं सांगितलं जातं.

जन्मानंतर दोन तासांपासून दिवसभरापर्यंत उशीर झाला तर पहिल्या महिन्यात बाळ दगावण्याचा धोका तासाच्या आत पाजलेल्या बाळांपेक्षा सुमारे एक तृतीयांशानं वाढतो, असं युनिसेफनं २०१८ मध्ये जगभरातल्या अभ्यासांच्या आधारे सांगितलं. पहिल्या तासाला किंमत आहे ती म्हणून.

आता दवाखान्यात काय होतं ते पाहू. बाळंतपण साधं झालं आणि नर्सताईनं बाळ पुसून लगेच आईच्या छातीवर ठेवलं, तर बाळ आपसूक दूध शोधतं. पण सिझेरियन झालं की आई टेबलावर, बाळ दुसऱ्या खोलीत आणि नातेवाईक बाहेर. टाके घालून आईला वॉर्डात आणेपर्यंत वेळ जातो. आईला वळता येत नाही, बाळ कुणी धरून द्यावं हे ठरलेलं नसतं. तेवढ्यात बाळ रडतं, बाहेरचं कुणी मधाचं बोट चाटवतं, कुणी साखरपाणी देतं, नाहीतर मेडिकलमधून पावडरचा डबा येतो. पोट भरलेलं बाळ मग अंगावर ओढत नाही, आणि घरचे म्हणतात, "दूधच येऊन नाही राहिलं."

देशात सरकारी दवाखान्यांत सिझेरियनचं प्रमाण १४.३ टक्के आहे, तर खासगीत ४७.४ टक्के. म्हणजे खासगीत जवळपास दोनातलं एक बाळंतपण ऑपरेशननं होतं. पैसे मोजून चांगल्या ठिकाणी नेलेल्या सुनेचं लेकरू या एका बाबतीत मागं राहू शकतं. सिझेरियन गरजेचं असेल तेव्हा ते करावंच लागतं, त्यातून आई आणि बाळ दोघांचे जीव वाचतात. पण बहुतेक सिझेरियन कमरेत इंजेक्शन देऊन होतात आणि आई शुद्धीवर असते. कुणी बाळ धरून दिलं तर तासाभरात पाजता येतं. लागतं ते एक मदतीचं माणूस, आणि दवाखान्यानं तशी सवय लावून घेतलेली असणं.

सहा महिने तुटतात ते वावरात

पहिला तास दवाखान्यावर अवलंबून आहे, तर पुढचे सहा महिने घरच्या परिस्थितीवर. आपल्या तालुक्यात कापूस, सोयाबीन, तूर आणि संत्रा ही पिकं. जुलै-ऑगस्टमध्ये निंदण, दसऱ्याच्या सुमाराला सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी, संत्र्याची तोडणी. या कामांत बायांचा हात मोठा. सव्वा महिना झाला की माहेरून परतलेली बाळंतीण घरकाम धरते, आणि हातावर पोट असेल तर दोन-तीन महिन्यांत मजुरीला लागते.

सकाळी गेलेली बाई संध्याकाळी परत येते. सात-आठ तास बाळ आजीजवळ. इथं शरीराचा एक नियम लक्षात घ्यायला पाहिजे. बाळ जितकं ओढेल तितकं दूध तयार होतं. दूध छातीत साचून राहिलं की शरीराला निरोप जातो, आता एवढं लागत नाही. मग दोन-तीन आठवड्यांत दूध खरंच कमी होतं. आजी वरचं दूध सुरू करते आणि लोक म्हणतात, 'हिचं दूध आटलं.' आटण्याचं मूळ कारण बहुतेक वेळा बाईच्या शरीरात नसतं. लेकरू आणि आई यांच्यात पडलेल्या अंतरात असतं.

मेळघाटातून आपल्या भागात सोंगणी, वेचणीला येणाऱ्या कोरकू कुटुंबांचं आणखी वेगळं. आई बाळ सोबत आणते, धुऱ्यावरच्या झाडाला झोळी बांधते आणि मधे येऊन पाजते. दूध चालू राहतं, पण आईचं स्वतःचं खाणं अपुरं असतं. गाव सुटल्यावर तिची अंगणवाडी आणि तिची आशाताई मागं राहते. मेळघाटात आदिवासी गरोदर आणि स्तनदा मातांना राज्याच्या अमृत आहार योजनेतून एक वेळचं गरम, पूर्ण जेवण मिळतं. बाई कामासाठी खाली उतरली की ते ताट सुटतं.

एकाच गावात दोन नियम

खरी तफावत इथं दिसते. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली बदल झाला आणि नोकरदार बाईला पहिल्या दोन बाळांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. २६ आठवडे म्हणजे सहा महिने, फक्त आईच्या दुधाचा जो काळ सांगितला जातो नेमका तेवढाच. कामावर परतल्यावर बाळ पंधरा महिन्यांचं होईस्तोवर दिवसातून दोनदा पाजायला सुट्टी देण्याचीही त्यात तरतूद आहे.

दुसऱ्याच्या वावरात रोजानं जाणाऱ्या बाईला यातलं काही नाही. तिच्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे. पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये. ५,००० रुपयांना सहा महिन्यांच्या १८० दिवसांनी भागलं तर दिवसाला २८ रुपयेही येत नाहीत. निंदणाच्या एका रोजाशी ते ताडून पाहावं. एवढ्यावर कोणती मजूर बाई सहा महिने घरी बसेल? तिला 'सहा महिने नुसतं अंगावर पाज' असं सांगणं सोपं आहे, पण त्या सहा महिन्यांचा खर्च कोण उचलतो ते सांगितलं जात नाही.

जगात उलटं-सुलटं

श्रीमंत-गरीब हा फरक सगळीकडे एकाच दिशेनं जात नाही. २०१६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जगभरचा अभ्यास आला. त्यात दिसलं की गरीब देशांत गरीब घरच्या आया जास्त दिवस पाजतात, आणि सुखवस्तू घरांत डब्याचं दूध लवकर येतं. श्रीमंत देशांत मात्र शिकलेल्या, चांगल्या स्थितीतल्या आया जास्त पाजतात. ब्रिटनसारख्या देशात बाळ वर्षाचं होईपर्यंत शंभरात एकही आई पाजत नाही, अशी स्थिती नोंदवली गेली. सगळ्या बाळांना नीट आईचं दूध मिळालं तर जगात वर्षाला ८ लाख २३ हजार लेकरं वाचू शकतात, असाही हिशेब त्या अभ्यासात मांडला आहे.

आपल्या देशातही खेड्यात नुसत्या दुधावर असलेली बाळं ६५.१ टक्के, तर शहरात ५९.६ टक्के. पण पहिल्या तासात दूध मिळण्यात शहर थोडं पुढं आहे. ४४.७ टक्के, तर खेडं ४०.७ टक्के. गावात लेकरू अंगावर जास्त राहतं, सुरुवात मात्र उशिरा होते.

गावानं ही शिल्लक सांभाळावी, कारण डबा गावातही पोचला आहे. ४०० ग्रॅमचा डबा तीन महिन्यांच्या बाळाला पूर्ण मापानं पाजला तर थोड्याच दिवसांत संपतो. परवडत नाही म्हणून पावडर कमी आणि पाणी जास्त होतं, बाटली नीट उकळली जात नाही, आणि हगवण लागते. दोन वर्षांखालच्या बाळांच्या दुधाच्या डब्याची आणि बाटलीची जाहिरात करायला, आयांना फुकट नमुने द्यायला आपल्याकडं कायद्यानं बंदी आहे. कायदा १९९२ चा आहे आणि २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. तरी 'डॉक्टरकडं दिसला' म्हणून डबा घेतला जातो.

वऱ्हाडच्या उन्हात पाणी नको का?

हा प्रश्न आपल्याकडं हमखास येतो. एप्रिल-मे मध्ये पारा ४४-४५ वर जातो, मोठ्या माणसाचा घसा कोरडा पडतो, मग लेकराला पाणी कसं नाही द्यायचं? उत्तर दुधातच आहे. आईच्या दुधात शंभरातले सुमारे ८७ भाग पाणीच असतं. ऊन वाढलं की बाळ जास्त वेळा ओढतं, त्यातून त्याची तहान भागते. वरून पाणी दिलं तर पोट पाण्यानं भरतं, दूध कमी पितं, आणि पाणी खराब असेल तर जुलाब. उन्हाळ्यात पाणी आईनं भरपूर प्यावं आणि बाळाला जास्त वेळा पाजावं.

तसंच मधाचं. एक वर्षाच्या आत मध देऊच नये. मधातल्या जंतूंमुळं लहान बाळाला अंग लुळं पडण्याचा गंभीर आजार होऊ शकतो. गुटी उगाळून देण्याची पद्धत जुनी आहे आणि आजी ती मायेनंच देते. पण सहाण, पाणी आणि हात यांतून जंतू पोटात जातात. गुटी पहिले सहा महिने बाजूला ठेवलेली बरी.

विदर्भातच सापडलेला उपाय

घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची जी पद्धत आज आशाताई पाळतात, तिचं मूळ विदर्भातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून तयार केलं. त्या घरोघरी जाऊन बाळाचं वजन, श्वास, ताप पाहत आणि आईला पाजायला मदत करत. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये हे काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि पुढं २०११ पासून देशभर आशाताईंच्या घरभेटी सुरू झाल्या.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताईनं ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी यायचं असतं. बाळंतपणाला पोरगी माहेरी गेली असेल तर हीच भेट हुकते. सासरच्या आशाताईला वाटतं ती तिकडं आहे, माहेरच्या आशाताईकडं नाव नसतं. म्हणून माहेरी पोचल्याबरोबर तिथल्या आशाताईला निरोप द्यावा.

घरच्यांनी काय करावं?

• बाळंतपणाच्या आधीच दवाखान्यात विचारून ठेवा : सिझेरियन झालं तर बाळ तासाभरात आईजवळ देता का? आत मदतीला कोण राहील?
• बाळ आईच्या हाती येईपर्यंत मध, साखरपाणी, गुटी काही चाटवू नका. डॉक्टरांनी सांगितलं तरच वरचं काही द्या.
• दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजा. रात्रीचं पाजणं सोडू नका, त्यानं दूध वाढतं.
• दूध पुरतं की नाही ते रडण्यावरून ठरवू नका. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसरात्रीत सहा वेळा तरी लघवी करत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतं. सुरुवातीच्या दिवसांत वजन थोडं उतरतं आणि दोन आठवड्यांत भरून येतं.
• कामाला जावंच लागत असेल तर निघताना आणि आल्यावर लगेच पाजा. मधल्या वेळेसाठी स्वच्छ हातानं दूध काढून उकळलेल्या स्टीलच्या भांड्यात झाकून ठेवा. आजीनं ते वाटी-चमच्यानं पाजावं, बाटली नको. असं दूध चार तासांत संपवा, उन्हाळ्यात त्याच्याही आधी.
• बाळंतिणीला पोटभर जेवू द्या. पाजणाऱ्या आईला रोजच्यापेक्षा साधारण दोन भाकरींएवढं जास्त अन्न लागतं. भाजी, डाळ, पाणी तोडणारं पथ्य तिच्या अंगावर येतं.
• बाळ सुस्त पडलं, ओढेनासं झालं, अंग गरम किंवा गार लागलं तर वाट न पाहता दवाखाना गाठा. १०८ ची गाडी फुकट आहे.

काही आयांना खरंच जमत नाही. बाळ कमी दिवसांचं असतं, आई आजारी असते, औषध चालू असतं. तिला बोल लावून उपयोग नाही, डॉक्टरांच्या सल्ल्यानं पर्याय काढावा लागतो. मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ मध्ये आईच्या दुधाची पेढी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, ती अशाच बाळांसाठी. आशिया खंडातली ती पहिली पेढी.

गावाच्या हातात काय आहे?

रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात एक कलम होतं. कामावर आलेल्या बायांसोबत सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त लेकरं असतील, तर त्यांना सांभाळायला त्यातल्याच एका बाईला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची. हीच सोय सोंगणी-वेचणीच्या टोळीलाही करता येते. दहा बायांच्या टोळीत दोघी-तिघी पाजणाऱ्या असतील तर धुऱ्यावर सावली, एक सांभाळणारी आणि दुपारी दोनदा पाजायला वेळ. शेतमालकाचं त्यात दिवसाचं अर्ध्या तासाचं काम जातं. बदल्यात बाई हंगामभर टिकते आणि लेकरू दवाखान्यात न्यावं लागत नाही.

गर्भवतींची नावं आशाताईकडं आहेत, टोळीतल्या बायांची नावं मुकादमाकडं. ग्रामपंचायतीनं दोन्ही याद्या एकदा समोरासमोर ठेवल्या तर यंदाच्या सोंगणीत किती आया पाजणाऱ्या आहेत ते कळेल, आणि त्यांची सोय हंगाम सुरू व्हायच्या आधी लावता येईल.